एटीआरवर रुजू होण्याआधी: रोस्टर कसं वाचायचं आणि कुठे फसायला होतं

सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालं, टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायचं प्रशिक्षण) झालं आणि ऑफर आली ती एटीआर ७२-६०० या पंख्याच्या विमानाची. ए३२० जेटची वाट बघत बसलेल्याला ही बातमी जरा फिकी वाटते. तसं वाटून घेऊ नका. ऑटोथ्रॉटल (इंजिनाची शक्ती आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नसलेलं, वाऱ्याला लगेच प्रतिसाद देणारं, दिवसाला पाच-सहा लँडिंग देणारं विमान पहिल्या दोन हजार तासांत जे शिकवतं ते जेटवर शिकायला बराच वेळ लागतो. पण विमान कसं उडवायचं हे टाइप रेटिंगमध्ये शिकवतात. रोस्टरशी, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाशी, कसं जगायचं हे कुणी शिकवत नाही, आणि पहिल्या वर्षात नवे को-पायलट अडखळतात ते बहुतेक तिथेच.

छोट्या मार्गांवरचं सगळं गणित एका विसंगतीवर उभं आहे. पैसे मिळतात फ्लाइट टाइमचे आणि दमायला होतं ड्युटी टाइमने. दिल्ली-बंगळुरूसारख्या लांब सेक्टरवर (एका उड्डाणाला सेक्टर म्हणतात) या दोन आकड्यांत फारसं अंतर नसतं. पन्नास मिनिटांच्या सेक्टरवर ते अंतर वाढत जातं, कारण प्रत्येक लँडिंगनंतर अर्धा तास जमिनीवर जातो आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही बसलेले नसता.

तीन घड्याळं वेगवेगळी चालतात, ती आधी सुटी करून घ्या. चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन, म्हणजे चाकांचे अडसर काढल्यापासून परत लावेपर्यंत, हा फ्लाइट टाइम. रिपोर्टिंगपासून शेवटच्या सेक्टरनंतर इंजिन बंद होईपर्यंत एफडीपी, म्हणजे फ्लाइट ड्युटी पिरियड. आणि त्यात पोस्ट-फ्लाइटचं काम, सिम्युलेटर, ग्राउंड क्लास, कंपनीने पाठवलेला प्रवास हे सगळं मिळवलं की ड्युटी. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) तिन्हींना वेगळ्या मर्यादा घातल्या आहेत. फ्लाइट टाइम ७ दिवसांत ३५ तास, ३० दिवसांत १२५ आणि ३६५ दिवसांत १,०००. ड्युटी ७ दिवसांत ६० तास. एफडीपी दोन पायलटच्या क्रूला दोन लँडिंगपर्यंत १३ तास, आणि पुढच्या प्रत्येक लँडिंगला अर्धा तास कमी: तीनला साडेबारा, चारला १२, पाचला साडेअकरा, सहाला ११. जेटवाल्याला ही शेवटची ओळ वर्षातून एखाद्या वेळी आठवते. तुम्हाला ती रोज लागणार. कंपनीची डीजीसीएने मंजूर केलेली एफडीटीएल (उड्डाण आणि ड्युटीच्या वेळांच्या मर्यादा) स्कीम ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये असते. वाद झाला की तिथलं कलम चालतं. त्या पानांचा फोटो फोनमध्ये हवाच.

आता एक नमुन्याचा दिवस मांडून बघू. बेस, म्हणजे तुमची ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ, मोपा धरा किंवा हैदराबाद, फरक पडत नाही. रिपोर्टिंग ०६:१०. बेसवरून तीन गावांना एकेक फेरी.

पहिली फेरी: ०७:१० ला निघून ०८:२५, परत ०८:५० ते १०:०५. दुसरी: १०:३५ ते ११:३०, परत १२:०० ते १२:५५. तिसरी: १३:४० ते १४:५५, परत १५:२० ते १६:३५.

फ्लाइट टाइम ६ तास ५० मिनिटं. एफडीपी ०६:१० ते १६:३५, म्हणजे १० तास २५ मिनिटं. सहा लँडिंगला मर्यादा ११ तासांची, म्हणजे १७:१० पर्यंत. हातात शिल्लक ३५ मिनिटं. सहा सेक्टर, मध्ये पाच टर्नअराउंड (उतरून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ), प्रत्येक ठिकाणी काहीतरी बिघडू शकतं, आणि सगळ्यांना मिळून ३५ मिनिटं. रोस्टर बनवणारं सॉफ्टवेअर याला नियमात बसणारी पेअरिंग (उड्डाणांची साखळी) म्हणतं आणि ते खरंच आहे. ती पार पडेल की नाही हा वेगळा प्रश्न.

असे पाच दिवस सलग केले तर फ्लाइट टाइम ३४ तास १० मिनिटं होतो. ३५ च्या आत, पण सहाव्या दिवशी एक सेक्टरही करता येत नाही. म्हणून पाचव्या दिवशी दुपारी एखादी फेरी होल्डिंगमुळे (उतरण्याआधी हवेत घिरट्या घालत थांबल्याने) लांबली की शेड्यूलिंगवाले तुमच्या सहाव्या दिवसाचं काय करायचं याच्या मागे लागतात. हे रोलिंग सात दिवस आहेत, सोमवार ते रविवार नव्हेत. नवे लोक इथे हमखास चुकतात: कॅलेंडरचा आठवडा मोजतात आणि ‘माझे तर २२ च तास झालेत’ म्हणतात. रोज रात्री मागचे ७, ३० आणि ३६५ दिवस आपोआप बेरीज करणारी एक साधी शीट बनवा. कंपनीच्या ॲपवर आकडा येतो, पण तो बहुतेकदा ठरलेल्या वेळांचा असतो, आणि प्रत्यक्षाच्या वेळा भरायला कधी एक दिवस लागतो. मर्यादा ओलांडली तर कंपनीला विचारतातच, लायसन्स मात्र तुमचं असतं.

रिपोर्टिंग ०६:१० चंच का? सहा वाजता किंवा साडेपाचला का नाही? याचं उत्तर नव्या नियमांत आहे. डीजीसीएने ८ जानेवारी २०२४ ला एफडीटीएलचे सुधारित नियम काढले. ते १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यात ‘रात्र’ पहाटे पाचपर्यंत होती ती सहापर्यंत वाढवली, रात्रीत शिरणाऱ्या ड्युटीला एफडीपी १० तासांवर आणला आणि लँडिंग दोनवर. सहा लँडिंगची पेअरिंग पहाटे पावणेसहाला सुरू केली तर नियम शब्दशः लावल्यावर ती रात्रीची ड्युटी ठरते आणि चार लँडिंग गळून पडतात. जेटला हे परवडेल, एटीआरच्या वेळापत्रकाला नाही. म्हणून छोट्या मार्गांवर सहाच्या पुढे पाच-दहा मिनिटांनी रिपोर्टिंगची गर्दी दिसते. सवलती आणि अपवाद डीजीसीए वेळोवेळी देते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाल्यावर त्यांच्या ए३२० ताफ्याला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत अशी सवलत मिळाली होती. तेव्हा तुमच्या कंपनीला, तुमच्या विमानासाठी आज कोणती सवलत चालू आहे, तिचं पत्र फ्लाइट ऑप्सकडून मागून घ्या. क्रू रूममधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. तिथे तीन वर्षांपूर्वीचा नियमही ‘कालच आलाय’ म्हणून सांगितला जातो.

०६:१० कागदावर दिवसाची ड्युटी असली तरी शरीराला ती दिवसाची वाटत नाही. पिकअप पाचला, गजर चारला. पहाटे २ ते ६ हा काळ नियमांतच शरीराच्या सर्वांत सुस्त वेळेचा मानला आहे, आणि तुम्ही नेमके त्यात उठून दाढी करत असता. सलग चार दिवस असं झालं की तिसऱ्या दिवसापासून रीडबॅक (कंट्रोलरची सूचना परत म्हणून दाखवणं) चुकतात, उंची ऐकून दुसरीच लावली जाते. याला उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: पहाटेच्या ब्लॉकमध्ये रात्री साडेआठला झोपायचं. लग्नसराईत हे जमत नाही हे मान्य.

आणखी एक सापळा म्हणजे ब्लॉक उलटणं. तीन पहाटेच्या ड्युट्या आणि चौथ्या दिवशी रिपोर्टिंग दुपारी दोनचं, शेवटचं लँडिंग रात्री अकराला. मधली विश्रांती नियमाहून कितीतरी जास्त असते. (किमान विश्रांती आधीच्या ड्युटीएवढी किंवा १२ तास, यांतलं जे जास्त ते.) पण तीन दिवस चारला उठलेला माणूस चौथ्या दिवशीही चारलाच उठतो. त्यामुळे रात्री अकराच्या लँडिंगच्या वेळी तो १९ तास जागा असतो. रोस्टर हातात आलं की हे उलटणारे दिवस आधी शोधा आणि त्या दिवशी रिपोर्टिंगला निघण्याआधी दीड तासाची झोप ठरवूनच टाका. पडदे जाड हवेत. यावरचा खर्च वायफळ नाही.

उशीर झाला की काय होतं

वरच्याच दिवसात समजा, पहिल्या गावी धुक्यामुळे ४५ मिनिटं थांबावं लागलं. पुढचं सगळं ४५ मिनिटांनी सरकलं. दोन-पाच मिनिटं टर्नअराउंडमध्ये भरून निघतात, जास्त नाही. म्हणजे शेवटचं लँडिंग १७:२० च्या आसपास आणि मर्यादा १७:१० ची. दहा मिनिटांनी दिवस मोडला.

हे कळायला हवं सकाळी नऊला, दुपारी तीनला नाही. कारण निर्णयाची शेवटची जागा आहे चौथं लँडिंग, जेव्हा विमान बेसवर परत येतं. तिथे स्टँडबाय (राखीव) क्रू मिळू शकतो, तिसरी फेरी दुसऱ्याला देता येते, नाहीतर रद्द करता येते. एकदा पाचव्या सेक्टरला निघालात आणि त्या गावी अडकलात की मग विमान, ७० प्रवासी आणि क्रू सगळे अशा जागी बसतात जिथे धड हॉटेलची खात्री नाही आणि दुसरा क्रू रस्त्याने आणायला पाच तास लागतात. म्हणून पहिला उशीर झाला त्याच टर्नअराउंडला कॅप्टनला आकडा सांगा. ‘सर, आज उशीर होणार’ हे पुरेसं नाही. ‘सर, सहा लँडिंगला आपली मर्यादा १७:१० आहे, आत्ताच्या हिशोबाने १७:२० होतायत, बेसवर क्रू बदलायला सांगू का?’ असं म्हणा. कॅप्टनने आधीच मोजलं असेल तर तो हो म्हणेल, नसेल तर मोजेल. को-पायलटने एफडीटीएल काढणं हा आगाऊपणा नाही, ते त्याचं कामच आहे.

कॅप्टनला अनपेक्षित परिस्थितीत एफडीपी वाढवण्याचा अधिकार (डिस्क्रिशन) असतो. तो मर्यादित असतो, त्याचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो घ्यायचा की नाही हे पूर्ण क्रूची अवस्था बघून ठरवायचं असतं. ओसीसीमधून (कंपनीच्या उड्डाण नियंत्रण कक्षातून) फोन येतो तो ‘सर, डिस्क्रिशन घेणार ना?’ अशा सुरात. या सुराची सवय लावून घेऊ नका. वाढ मागायला शेड्यूलिंगला काहीच पडत नाही. ‘मी थकलोय’ हे सांगायचं काम मात्र तुमचं. कॅप्टन विचारेल तेव्हा खरं उत्तर द्या. तो हो म्हणाला म्हणून तुम्हीही हो म्हणालात आणि पुढे काही झालं, तर चौकशीत दोघांची झोप वेगवेगळी मोजली जाते.

दुपारी मध्ये मोठी फट असलेल्या पेअरिंगला स्प्लिट ड्युटी म्हणतात. जमिनीवर ३ ते १० तासांचा ब्रेक असेल तर त्याच्या निम्म्याने एफडीपी वाढवता येतो. कागदावर छान दिसतं. ब्रेकमध्ये झोपायला खोली मिळते की टर्मिनलमधली लोखंडी खुर्ची, हे स्टेशनवार वेगळं असतं. आधी तिथे जाऊन आलेल्या माणसाला विचारा.

छोटा विमानतळ

छोट्या शहरांना जोडणाऱ्या उडान योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली मार्गावर गेलं, आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबादलाही हिरवा झेंडा मिळाला. तेव्हापासून कोल्हापूर, जळगाव, नांदेड, सिंधुदुर्ग, सोलापूर ही नावं वेळापत्रकांत येत-जात राहिली आहेत. ‘येत-जात’ मुद्दाम म्हटलं, कारण तूट भरून देणारं सरकारी अनुदान मार्गाला साधारण तीन वर्षांसाठी असतं आणि ते संपलं की बरेच मार्ग आटतात. मार्ग बंद झाला की त्यावर बेतलेल्या पेअरिंग मोडतात आणि महिन्याच्या मध्यात नवं रोस्टर येतं. सुट्टीचं तिकीट काढताना हे ध्यानात ठेवा.

अशा विमानतळांची पहिली अडचण म्हणजे वॉच अवर्स. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) आणि अग्निशमन ठरलेल्या वेळेतच असतात. संध्याकाळची फेरी अर्धा तास लांबली तर विमानतळ उघडा ठेवायची विनंती आधी करावी लागते. ती वेळेत गेली नाही तर हवामान स्वच्छ असूनही तुम्हाला जाता येत नाही. दुसरी, उपकरणं. जिथे इन्स्ट्रुमेंट अप्रोच नाही तिथे उतरायला दृश्यमानता पाच किलोमीटर लागते. कोकणात जूनच्या सरीत आणि खानदेशात जानेवारीच्या सकाळी ती कितीदा मिळते, हे सांगायला नको. तिसरी, इंधन. अनेक ठिकाणी ते मिळतच नाही, म्हणजे परतीचं इंधन बेसवरूनच भरून न्यायचं. मग वजन वाढतं, आणि मे महिन्यात आखूड धावपट्टीवरून निघताना प्रवासी किंवा सामान कमी करावं लागतं. त्यावरून काउंटरवर भांडण होतं, लोडशीट (विमानातल्या वजनाचा तक्ता) दोनदा बदलते आणि २५ मिनिटांचं टर्नअराउंड ५० चं होतं. चौथी गोष्ट आपल्याकडची खास: लोहगाव हवाई दलाचा, ओझर एचएएलचा, दाबोळी नौदलाचा. त्यांच्या सरावाच्या वेळांत तुम्हाला थांबावं लागतं, आणि त्याबद्दल तक्रार करायची नसते.

टर्नअराउंडचंही सांगायला हवं. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन, नाही. जमिनीवर हवा आणि वीज हवी असेल तर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन चालू ठेवतात. यालाच हॉटेल मोड म्हणतात. मागून जोराचा वारा असेल तर तो वापरता येत नाही. मग ४२ अंशांत बाहेरची वीज असली तरी केबिन भट्टीसारखी तापते आणि कॉकपिट, चहूबाजूंनी काच असल्याने, त्याहून जास्त. त्या वेळात एकजण विमानाभोवती चक्कर मारतो, दुसरा लोडशीट आणि एफएमएस (उड्डाणाचा संगणक) बघतो. इंधनाची स्लिप, टेक लॉगमधली नोंद, व्हीलचेअरचा एक प्रवासी अजून उतरायचाय म्हणून थांबलेलं बोर्डिंग. जेवण म्हणजे या पंचवीस मिनिटांतले पाच घास, तेही दोघांनी आलटूनपालटून आणि शक्यतो वेगवेगळं.

इथे एक फार जपायची गोष्ट: पाणी. शौचालय एकच आणि तेही मागे. उड्डाणात कॉकपिटमधून बाहेर पडायचं तर केबिन क्रूला आत बोलवावं लागतं, आणि ४५ मिनिटांच्या सेक्टरवर ते जमत नाही. म्हणून नवे पायलट पाणी पिणं कमी करतात. उन्हाळ्यात सहा सेक्टर, एक बाटली. वर्षा-दीड वर्षाने पाठीत कळ येते आणि सोनोग्राफीत मुतखडा दिसतो. मुतखडा असेपर्यंत क्लास वन मेडिकल तात्पुरतं अनफिट, म्हणजे घरी बसणं, आणि बऱ्याच करारांत काही आठवड्यांनंतर उड्डाणाचा भत्ता बंद. दर टर्नअराउंडला अर्धा लिटर प्या आणि बिनदिक्कत टर्मिनलच्या शौचालयात जाऊन या. पाच मिनिटं विमान थांबेल. थांबू दे.

विश्रांती, स्टँडबाय आणि फोन

आठवड्याची विश्रांती नव्या नियमांत ३६ वरून ४८ तास झाली. त्यात दोन पूर्ण स्थानिक रात्री असाव्या लागतात आणि एक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत १६८ तासांहून जास्त वेळ जाता कामा नये. रोस्टरमध्ये ‘ऑफ, ऑफ’ दिसलं म्हणजे ४८ तास झालेच असं नाही. शुक्रवारची ड्युटी मध्यरात्रीनंतर साडेबाराला संपली तर ती रात्र पूर्ण धरली जात नाही, आणि दोन रात्री भरायला सोमवारची सकाळ उजाडते. ऑफ कधी सुरू झाला ते ड्युटी संपल्याच्या प्रत्यक्ष वेळेवरून मोजा.

रजा आणि साप्ताहिक विश्रांती यांचंही असंच. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही, अशी सूचना डीजीसीएने दिली होती. ती ५ डिसेंबर २०२५ ला मागे घेतली. तेव्हा चार दिवसांची रजा टाकली की त्यात तुमचे दोन ऑफ गिळले जातायत का, हे अर्ज करण्याआधी विचारा. मंजूर झाल्यावर विचारून उपयोग नाही.

घरचा स्टँडबाय (फोन आला तर कामाला निघायच्या तयारीत राहणं) दिसायला सोपा, झोपेला सर्वांत वाईट. पहाटे चार ते दुपारी चार असा स्टँडबाय असेल आणि फोन दुपारी दोनला आला, तर तुम्ही दहा तास जागे असून आता कामाला सुरुवात करणार. स्टँडबायचा वेळ एफडीपी आणि एकूण ड्युटीत किती धरायचा याचं कोष्टक मॅन्युअलमध्ये आहे. विमानतळावरच्या स्टँडबायचा हिशोब घरच्यापेक्षा कडक असतो. फोन आला की चार गोष्टी विचारून लिहून घ्या: रिपोर्टिंग किती वाजता, किती सेक्टर, रात्र कुठे, आणि स्टँडबाय धरून एफडीपी कुठे संपतो. शेवटच्या प्रश्नाला पलीकडून क्षणभर शांतता झाली तर समजा की अजून कुणी मोजलेलं नाही. बदल व्हॉट्सॲपवर आला असेल तर ॲपमध्ये किंवा ईमेलवर मागा. विश्रांतीच्या काळात मात्र फोन उचलायची सक्ती नाही. ‘फक्त एक मिनिट, उद्याचं विचारायचं होतं’ म्हणून झोप मोडणारे फोन सवयीने येतात. पहिल्या महिन्यात दोनदा उचलला नाहीत की कमी होतात.

थकवा आल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण थकलेल्या डोक्याने ते ठरत नाही. अनफिट वाटत असेल तर उडायचं नाही, हे कायद्यानेच तुमच्यावर आहे. फटीग रिपोर्ट लिहिताना विशेषणं गाळा. मागच्या ७२ तासांत कधी झोपलात, कधी उठलात, ड्युटी किती ते किती, किती लँडिंग, हॉटेलच्या खोलीत एसी बंद होता की शेजारी वरात होती, कॉकपिटमध्ये नेमकं काय निसटलं, एवढं लिहा. नव्या नियमांप्रमाणे कंपनीला या अहवालांचा आढावा दर तिमाहीत डीजीसीएला द्यावा लागतो. ‘खूप थकवा जाणवला’ एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही. ‘या पेअरिंगवर पाच जणांनी लिहिलं’ यावर येतं. आजारपण म्हणून कळवणं सोपं पडतं आणि बहुतेक जण तेच करतात. त्यामुळे ती पेअरिंग पुढच्या महिन्यात जशीच्या तशी परत येते.

ब्रेथ ॲनालायझरचं थोडक्यात. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी चाचणी, मर्यादा शून्य, उड्डाणाआधीचे १२ तास मद्य वर्ज्य. अल्कोहोल असलेले माउथवॉश, टूथ जेल, काही खोकल्याची औषधंही चालत नाहीत. पहिल्या चुकीला लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्याला तीन वर्षं, तिसऱ्याला रद्द. घाईत चाचणी न देता उडालात तरी कारवाई होते, आणि अचानक बदललेल्या रिपोर्टिंगच्या दिवशी नेमकं हेच राहून जातं.

करारात काय बघायचं

बहुतेक करारांत महिन्याला काही तासांची हमी आणि त्यावर ताशी भत्ता असतो. समजा हमी ७० तासांची आहे. वरच्यासारखे बारा दिवस केलेत तर ८२ तास होतात, म्हणजे १२ तास वरचे. तेच जुलैत पावसाने चार दिवस कापले तर ५५ होतात आणि हमीवर समाधान मानावं लागतं. पण चार दिवस कापले म्हणजे तुम्ही घरी होतात असं नाही. दोन दिवस तर विमानतळावर बसून सेक्टर रद्द झाले. म्हणून सही करण्याआधी विचारा: तास ठरलेल्या ब्लॉकचे धरतात की प्रत्यक्षाचे? क्रू विमानतळावर आल्यावर रद्द झालेल्या सेक्टरचे पैसे मिळतात का? प्रवासी म्हणून बेस बदलायला पाठवलं तर? सिम्युलेटर आणि ग्राउंड क्लासच्या दिवशी? ट्रेनिंगच्या महिन्यांत हमी लागू आहे की फक्त स्टायपेंड? लेओव्हरचा (बाहेरगावच्या मुक्कामाचा) भत्ता रात्रीचा की तासाचा? मेडिकल अनफिट झाल्यास किती दिवस पूर्ण पगार, आणि लॉस ऑफ लायसन्स विमा कोणाच्या खर्चाने? एचआरला यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नाहीत. लाइनवर एक वर्ष झालेल्या को-पायलटला येतात. त्याला चहा पाजा.

बेसचाही विचार करा. बेस तुमच्या गावी नसेल आणि ऑफला घरी जायचं असेल तर परतीचा प्रवास ड्युटीच्या आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या विमानाने ठेवू नका. ज्या धुक्याने किंवा पावसाने तुमचं उद्याचं विमान थांबणार आहे, त्यानेच आजचं तिकीटही रद्द होतं. दुपारचं विमान धरा आणि रेल्वेचं एक आरक्षण मागे राखून ठेवा. नागपूर, पुणे, मुंबईकडे जाणाऱ्यांना हे परवडतं. कंपनीच्या सवलतीच्या तिकिटावर जागा उरली तरच बसता येतं, आणि दिवाळीत ती उरत नाही.

जेटवर जायचं मनात असेल तर बॉण्ड आणि नोटीस वेगवेगळे वाचा. बॉण्ड हा पैशाचा करार आहे, बहुतेकदा टाइप रेटिंगच्या खर्चाचा, आणि तो दर वर्षी कमी होतो की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहतो ते तपासायला हवं. नोटीस डीजीसीएच्या २०१७ च्या नियमातून येते: को-पायलटला सहा महिने, कमांडरला बारा. म्हणजे कमांड अपग्रेडचं पत्र स्वीकारलं की निघायचा रस्ता सहा महिन्यांनी लांबतो. नवी कंपनी रुजू व्हायची तारीख देते तेव्हा एनओसीला लागणारे दिवस धरत नाही, आणि नोटिशीच्या काळात हमखास येणारं सिम्युलेटर चेक किंवा मेडिकल लांबलं तर नव्या ठिकाणी करन्सी (उडवायला लागणारी चालू पात्रता) संपलेल्या अवस्थेत पोहोचायला होतं. राजीनामा देण्याआधी मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि शेवटच्या ९० दिवसांतली तीन टेकऑफ-लँडिंग या तिन्हींच्या तारखा एका ओळीत मांडा, आणि त्यांतली जी सर्वांत आधी संपते ती नूतनीकरण करून मगच पत्र द्या.